ईशान्येला जाता येत नाही

नवा लॅपटॉप हलका आहे, इतका हलका
की उजवीकडची आकड्यांची ओसरी
त्यांनी बांधलीच नाही.
सात नाही, नऊ नाही, एक नि तीन नाहीत.
वायव्य, ईशान्य, नैऋत्य, आग्नेय,
घराचे कोपरे गेले.
उरले चार बाण, कडेला चेपून बसवलेले,
त्यातले वरचा-खालचा तर अर्ध्या बिस्किटाएवढे.

आणि खेळ माझा जुना.
काळा पडदा, टिंबांची जमीन, रेघांच्या भिंती,
मधोमध ॲट-द-रेटचं चिन्ह. तो मी.
मोठा डी दिसला की ड्रॅगन,
छोटा आर म्हणजे उंदीर.
उंदीर अजून तिरकाच येतो,
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
तो एका उडीत टाचेशी,
मी आधी उजवीकडे, मग वर,
म्हणजे दोन पावलं, म्हणजे दोन चावे.

आबा म्हणायचे, दोन्ही उंट गेले
की डाव नुसता हत्तींचा होतो.

मांडवीखाली उभं राहिलं की वाटतं
आमच्या गावालाही चारच बटणं दिली होती.
पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा,
वर चांपानेर, खाली गेंडीगेट.
पण शाळेला उशीर झाला
की आम्ही कुठे दरवाज्यांनी जात होतो?
एका पोळेत शिरायचं, कुणाच्या ओल्या चादरीखालून,
शिव्या खात दुसऱ्या पोळेतून निघायचं,
प्रार्थना संपायच्या आत.

सोय आहे म्हणतात, अक्षरांनी चाला.
वाय दाबा, वायव्य. हे एवढंच लक्षात राहिलं.
यू म्हणजे ईशान्य का, बी म्हणजे नैऋत्य का,
पाच संध्याकाळी घोकलं,
सहाव्या संध्याकाळी बी नि एनमध्ये चुकलो
आणि उकळत्या लाव्हात पाय टाकला.
पिशवीत तीन औषधं होती, न उघडलेली.

मग सयाजीगंज, दुसरा मजला.
हितार्थभाईंनी खोक्यावरची धूळ फुंकली.
वेगळा नमपॅड, वायरसकट साडेतीनशे.
‘टॅली माटे?’
हो म्हटलं.
सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने सांगायचं तरी काय,
ईशान्येला जायचंय?

घरी आबा, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदूचा तिसरा दिवस.
काचकारखान्यात एकतीस वर्षं लेखा विभाग,
आर. एम. घोरपडे, शिक्क्याची शाई अजून नखात असावी.
वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही.
मी चहा ठेवायला उठलो, तेवढ्यात
त्यांचा हात टेबलावरून सरकत त्या खोक्यावर आला.
मधलं बोट पाचावरच्या बारीक उंचवट्याशी थांबलं,
ओळख पटली.

मग सुरू झाले.
मान छताकडे, ओठ हलताहेत,
सोडा ॲश, मार्च, भट्टी नंबर दोन.
सात सात एक नऊ. पाच पाच. तीन.
खेळ उघडाच होता.
माझा ॲट-द-रेट दोनदा वायव्येला गेला,
नैऋत्येला उतरला, ईशान्येला चढला,
दोन खेपा जागीच उभा राहिला,
पाच म्हणजे थांबणे,
मग आग्नेयेला, सरळ उंदरांच्या बिळात.
इतका तिरका तो महिन्याभरात चालला नव्हता.

मी किटली हातात धरून बघत राहिलो.
काचफूट वजा, भाडं अधिक,
हिशोबाच्या वाटेने तो एकटा चालला होता,
चावे खात, एखादा उंदीर मारत,
भिंतीला धडकून पुन्हा वळत.
आबांना पडदा दिसत नव्हता.
मी थांबा म्हटलं नाही.

शेवटी त्यांनी एंटर हाणला, पूर्वीसारखा, करंगळीने,
आणि पट्टीखालून माझ्या दिशेने तोंड वळवलं.
‘टोटल किती आली?’

मी वाकून पाहिलं.
त्याच्या जिवाचे आकडे कोपऱ्यात लाल झाले होते.

चार, म्हटलं.

‘चुकतंय,’ आबा म्हणाले. ‘परत घेऊ.’